सी थेप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थायलंडमधल्या सी थेप या प्राचीन शहराबद्दल मराठी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सी थेप म्हणजे नक्की काय आणि ते आहे कुठे?

थायलंडच्या फेच्चाबून प्रांतात, पासाक नदीच्या खोऱ्यात मातीचे तट आणि पाण्याचे खंदक असलेलं एक जुनं शहर आहे, ते सी थेप. बँकॉकहून उत्तरेला गाडीने साधारण तीन-साडेतीन तास लागतात. तटाच्या आतलं क्षेत्र सुमारे ४.७ चौरस किलोमीटर भरतं. त्यात शंभराच्या आसपास वास्तूंचे अवशेष आहेत आणि तटाबाहेर आणखी. पैकी बहुतेक अजून गवताखालचे उंचवटे आहेत. फोटोत दिसतात त्या चार-पाच वास्तू मोकळ्या करून जपलेल्या आहेत.

शहर इथेच का वाढलं याचं उत्तर नकाशात आहे. पश्चिमेला चाओ फ्राया नदीचं सपाट, भातशेतीचं खोरं आणि पूर्वेला कोरातचं कोरडं पठार. या दोन मुलखांमधली ये-जा ज्या पट्ट्यातून होई, तिथेच सी थेप बसलेलं आहे. समुद्रमार्गे आलेला माल आणि विचार इथवर पोचत आणि इथून आत पठारावर जात.

२. युनेस्कोच्या यादीत नेमकं काय गेलं? अख्खं शहर की एखादं मंदिर?

१९ सप्टेंबर २०२३ रोजी, रियाधला भरलेल्या बैठकीत, तीन जागा मिळून एक वारसास्थळ म्हणून नोंद झाली: एक, तटबंदीचं जुळं शहर, दोन, शहराच्या उत्तरेला साधारण दोन किलोमीटरवरचा खाओ ख्लांग नॉक हा भव्य स्तूप, आणि तीन, पश्चिमेला सुमारे १५ किलोमीटरवर असलेल्या खाओ थमोरात डोंगरातली गुहा. तिन्ही एकाच काळातली आणि एकमेकांशी बांधलेली आहेत, म्हणून ती एकत्र धरली. सुखोथाई, अयुथया आणि बान चियांग यांच्यानंतर थायलंडचं हे चौथं सांस्कृतिक वारसास्थळ. बान चियांगची नोंद १९९२ सालची, म्हणजे मध्ये तीस वर्षांहून जास्त गेली.

३. आम्ही अयुथया पाहिलंय. सी थेप त्याच्याहून जुनं आहे का?

बरंच जुनं. अयुथयाची स्थापना चौदाव्या शतकाच्या मध्यावर झाली, सुखोथाईचं राज्य तेराव्या शतकातलं. सी थेपचा भरभराटीचा काळ सहाव्या ते दहाव्या शतकातला. सुखोथाई वर येत होतं तेव्हा सी थेप उतरणीला लागलेलं होतं (ते का, ते प्रश्न १६ मध्ये). ज्यांना आपण आज थाई म्हणतो, त्यांची राज्यं उभी राहण्याच्या आधीचं हे शहर आहे.

त्याहून खाली गेलं तर आणखी एक थर लागतो. शहराच्या आत उत्खननात मानवी दफनं सापडली आणि ती तट-मंदिरांच्या आधीची आहेत. म्हणजे मूर्ती, मंत्र, लिपी यांतलं काहीही येण्याआधी इथे गाव होतं, माणसं राहत होती, मृतांसोबत वस्तू पुरत होती. हा मुद्दा पुढे प्रश्न ६ मध्ये कामाला येणार आहे.

४. याचा शोध कोणी लावला?

थायलंडमध्ये श्रेय राजपुत्र दामरोंग राजानुभाब यांना दिलं जातं आणि ते योग्यच आहे. ते त्या काळी गृहखात्याचे मंत्री होते आणि जुन्या दप्तरांत रमणारे होते. दरबाराची खबर कुठल्या वाटेने कुठल्या गावांना पोचवायची, अशा एका जुन्या कागदात त्यांना 'सी थेप' हे नाव दिसलं. पण असं गाव कुठे आहे हे कोणालाच सांगता येईना. १९०४ मध्ये ते फेच्चाबूनच्या दौऱ्यावर गेले, तिथे चौकशी केली. विचियान बुरी या गावाचंच आधीचं नाव सी थेप होतं असं कळलं आणि जवळच्या रानात एक मोडकं जुनं शहर आहे, असंही. ते स्वतः तिथे गेले, अवशेष पाहिले, त्यांची नोंद केली आणि त्या ओसाड शहराला ते नाव चिकटलं.

अर्थात आसपासच्या गावकऱ्यांना ते शहर आधीपासून ठाऊक होतंच. 'शोध' हा शब्द अशा ठिकाणी नेहमी थोडा जपून वापरावा.

पुढे १९३५ मध्ये थायलंडच्या फाइन आर्ट्स विभागाने, म्हणजे तिथल्या पुरातत्त्व खात्याने, ही जागा संरक्षित वास्तू म्हणून नोंदवली. त्याच दशकात ब्रिटिश अभ्यासक क्वारिच वेल्स यांनी इथे पाहणी केली. १९८४ पासून हा ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे.

५. 'जुळं शहर' म्हणतात ते का?

कारण तटबंद भाग दोन आहेत आणि एकमेकांना चिकटून आहेत. आतलं शहर जवळपास गोल आहे, व्यास साधारण दीड किलोमीटर. बाहेरचं त्याच्या पूर्वेला जोडलेलं, लांबट आणि कोपरे गोलसर असलेलं. दोघांनाही स्वतंत्र मातीचा तट आणि खंदक. गोल भाग आधीचा आणि वस्ती वाढल्यावर दुसरा जोडला, असं मानलं जातं.

वेढा घालायला आलेल्या सैन्याला हा खंदक अडवत असेलच, पण त्याचं रोजचं काम पाण्याचं होतं. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात टिपूस नाही, असा हा मुलूख. खंदक आणि आतली कितीतरी लहानमोठी तळी मिळून शहराने वर्षभराचं पाणी साठवलं. उद्यानातून फिरताना वास्तूंकडेच नजर जाते; मला विचाराल तर इथल्या लोकांचं मोठं काम म्हणजे ही पाण्याची आखणी.

६. हे शहर भारतातून गेलेल्या लोकांनी वसवलं होतं ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा त्यात उत्तरही आधीच ठरलेलं असतं. तर, नाही. तसा पुरावा नाही.

हा समज निघाला कुठून, तेही सांगायला हवं. १९३०च्या दशकात क्वारिच वेल्स यांनी सी थेपचं वर्णन 'प्राचीन भारतीय शहर' असंच केलं होतं. त्या काळच्या युरोपीय विद्वानांचा हा लाडका सिद्धांत होता: आग्नेय आशियात जे काही घडलं ते भारतीय वसाहतवाल्यांनी केलं, स्थानिक लोक नुसते पाहत बसले. आपल्याकडच्या राष्ट्रवादी इतिहासकारांनाही तो आवडला. 'बृहत्तर भारत' हा शब्दप्रयोग तेव्हाचाच. पण नंतरच्या खोदकामाने चित्र बदललं. इथली वस्ती भारतीय प्रभावाच्या आधीची आहे (प्रश्न ३). मधे कुठे जुने लोक जाऊन नवे आल्याची खूण मिळत नाही. गाव वाढत गेलं, व्यापार वाढला, प्रमुख श्रीमंत झाले, आणि त्यांनी बाहेरून आलेल्या गोष्टींतून हवं ते उचललं.

उचललं मात्र भरपूर. संस्कृत, पाली, पल्लव वळणाची लिपी, विष्णू, कृष्ण, सूर्य, बुद्ध, बोधिसत्त्व, धर्मचक्र. व्यापारी, भिक्खू, पुरोहित ये-जा करत होते, यात शंका नाही. पण मूर्ती पाहिल्या की उचलणारा हात स्थानिक होता हे लगेच कळतं. भारतात उभ्या दगडी मूर्तीला बहुधा मागे पाटा असतो. सी थेपच्या कारागिरांनी तो काढूनच टाकला: मूर्ती चहूबाजूंनी मोकळी, हात हवेत सुटे, अंगावर दागिने जवळजवळ नाहीत आणि कंबरेत डौलदार त्रिभंग. असा मोकळा हात वालुकाश्मात कोरणं धाडसाचं काम आहे, आणि त्याची किंमत त्या मूर्तींनी मोजलीही: बहुतेकींचे हात तुटलेले आहेत. युनेस्कोनेही या शैलीचा वेगळा 'सी थेप कलाघराणं' म्हणून उल्लेख केला, तो याचसाठी.

७. द्वारवती हे राज्य होतं का? सी थेप तिची राजधानी होती का?

सहाव्या ते दहाव्या-अकराव्या शतकांत मध्य थायलंडभर एकसारखी बौद्ध संस्कृती नांदली. तिला अभ्यासक द्वारवती म्हणतात. नाव कल्पनेतलं नाही. सातव्या शतकात श्वानझांग या चिनी यात्रेकरूने या बाजूच्या एका राज्याचं जे नाव लिहून ठेवलं, ते द्वारवतीशी जुळतं. आणि नाखोन पाथोमला सापडलेल्या चांदीच्या नाण्यांवर 'श्रीद्वारवतीश्वरपुण्य' असा संस्कृत मजकूर आहे, म्हणजे द्वारवतीच्या राजाचं पुण्यकर्म. कृष्णाच्या द्वारकेचं नाव कोणीतरी आपल्या राज्याला मुद्दाम घेतलं होतं. या संस्कृतीतल्या लोकांची बोली बहुधा मोन होती. तिचे लेख मिळाले आहेत.

राजधानीवरून मात्र वाद आहे. नाखोन पाथोम, यू थोंग, लोपबुरी अशी नावं पुढे येतात, आणि थायलंडमधले काही इतिहासकार सी थेपचं नावही घेतात. मला स्वतःला 'राजधानी कुठली' हा प्रश्नच थोडा चुकीचा वाटतो. एक राजा, एक सिंहासन, एक सरहद्द असं काही दाखवणारा पुरावा नाही; खंदकांची बरीच शहरं होती, एकमेकांशी व्यापार आणि धर्माने जोडलेली, आणि त्यांत सी थेप बड्यांपैकी एक होतं.

८. मग सी थेप हिंदू होतं की बौद्ध?

दोन्ही, आणि बराच काळ एकाच वेळी. 'आधी हिंदू मंदिर होतं, मग बौद्धांनी घेतलं' किंवा याच्या उलट, अशा गोष्टी समाजमाध्यमांवर फिरतात. सी थेपचा पुरावा त्यांना साथ देत नाही. विष्णू-कृष्ण-सूर्याच्या मूर्ती आणि शहराच्या आतल्या खाओ ख्लांग नायचं बौद्ध बांधकाम (प्रश्न ११) ढोबळमानाने एकाच काळात येतं. शिवाय बौद्ध म्हणजे एकाच पंथाचे असंही नाही: शहरात पाली परंपरेच्या खुणा आहेत, तर थमोरातच्या गुहेत बोधिसत्त्व आहेत, म्हणजे महायान.

अकराव्या शतकापासून ख्मेर, म्हणजे कंबोडियाकडचा, प्रभाव वाढला, तेव्हा शैव पूजेच्या वास्तू ठळक झाल्या (प्रश्न १२). तेव्हाही स्तूप पाडून त्यांवर मंदिरं बांधली, असं झालेलं दिसत नाही. जुनं आपल्या जागी राहिलं, नवं शेजारी उभं राहिलं.

९. शिलालेख मिळालेत का? ते कुठल्या लिपीत आहेत, आपल्याला वाचता येतील?

मिळालेत: संस्कृत, पाली आणि पुढच्या काळात ख्मेर भाषेतले. सुरुवातीच्या लेखांची लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीच्या वळणाची आहे, त्यामुळे देवनागरी येणाऱ्याला थेट वाचता येत नाही. पण कोणी लिप्यंतर करून दिलं तर निम्मे शब्द ओळखीचे निघतात.

सर्वात बोलका लेख जवळच्या बान वांग फाय इथला, सहाव्या-सातव्या शतकातला, संस्कृत. त्यात भववर्मन नावाच्या राजाने राज्यारोहणाच्या निमित्ताने हा लेख कोरवल्याचं सांगितलं आहे, आणि वडिलांचं नाव पृथिवींद्रवर्मन असं दिलं आहे. ख्मेर इतिहासातही एक भववर्मन आहे, चेनला राज्याचा. दोघे एकच का, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. एकच असले तर ख्मेर राजघराण्याचा या खोऱ्याशी संबंध अंगकोरच्या कितीतरी आधीचा ठरतो.

एक छोटी वस्तूही सांगण्यासारखी आहे: बुद्धाची प्रतिमा उठवलेली मातीची मुद्रा, आणि तिच्यावर चिनी अक्षरांत एका भिक्खूचं नाव, वेन शियांग. बंदरापासून इतक्या आत, पासाकच्या खोऱ्यात, चिनी भिक्खूची खूण!

१०. खाओ ख्लांग नॉक हा डोंगर आहे की बांधकाम?

पूर्ण बांधकाम. पण कित्येक पिढ्यांनी तो डोंगरच मानला. नावातलं 'खाओ' म्हणजे डोंगर आणि 'ख्लांग' म्हणजे कोठार; आत खजिना पुरलाय, असं गावकरी म्हणत. २००८ मध्ये झाडोरा आणि माती काढली, तेव्हा खालून चौरस पाया निघाला: प्रत्येक बाजू ६४ मीटर आणि आज शिल्लक उंची सुमारे २० मीटर. चारही बाजूंनी वर जाणारे जिने, टप्प्याटप्प्यांनी आत सरकणारी पीठं, त्यांच्या भिंतींवर इमारतींच्या छोट्या प्रतिकृती, आणि सर्वात वर विटांच्या स्तूपाचा उरलेला भाग. काळ आठव्या-नवव्या शतकाचा. द्वारवती काळातली इतकी मोठी दुसरी वास्तू थायलंडमध्ये नाही.

पाया ज्या दगडाचा आहे तो कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकाला न सांगताही ओळखू येईल: जांभा. तोच तांबूस रंग, तीच भोकंभोकं. जमिनीत असताना हा दगड मऊ असतो, खाणीत सरळ चिरे पाडता येतात. हवा-ऊन लागलं की कठीण होतो. सी थेपच्या गवंड्यांनीही नेमका हाच गुण वापरला. पण जांभ्याची एक अडचण चिरेखाणीवरचा कोणीही सांगेल: त्यात बारीक कोरीवकाम होत नाही, कडा ढासळतात. म्हणून वरून चुन्याचा जाड गिलावा देऊन त्यात नक्षी करायची. आज दिसतात ते उघडे तांबडे चिरे मूळ रूप नव्हेत, गिलावा गळाल्यावर उरलेला सांगाडा आहे.

तो गिलावा कसा असेल, याचा अंदाज पुढच्या प्रश्नात.

११. खाओ ख्लांग नायच्या पायाशी जी बुटकी माणसं आहेत ती कोण?

हे शहराच्या आतलं बौद्ध धर्मस्थळ; लांबी-रुंदी साधारण ४४ बाय २८ मीटर, उंची १२ च्या आसपास. पायाच्या पट्टीवर चुन्यात घडवलेली बुटक्या, ढेरपोट्या आकृत्यांची रांग आहे. गुडघे वाकवून बसलेल्या, दोन्ही हात वर, जणू डोक्यावरची इमारत त्यांनीच पेलली आहे. काहींना माणसाचं तोंड, काहींना सिंहाचं, माकडाचं, हत्तीचं. आपल्याकडे देवळाच्या खांबावर छत पेलणारे कीचक असतात, त्यांचेच हे भाऊबंद.

जवळ जाऊन पाहा: चेहरे एकसारखे नाहीत. साच्यातून काढलेलं काम नव्हे हे. एकाचे गाल फुगलेले, दुसऱ्याच्या कपाळावर आठ्या. मधल्या पट्ट्यांत वेलबुट्टी. ओला चुना हाताखाली असताना कारागिराला गंमत सुचत गेली असावी.

१२. प्रांग सी थेप तर अंगकोरच्या देवळासारखं दिसतं. हे कसं?

कारण ते त्याच परंपरेतलं आहे. प्रांग सी थेप आणि प्रांग सोंग फी नोंग ('दोन भावंडांचे मनोरे') या विटांच्या, जांभ्याच्या पायावरच्या वास्तू अकराव्या-बाराव्या शतकांतल्या, ख्मेर धाटणीच्या आहेत. भावंडांपैकी एकाच्या दारावरच्या पट्टीत नंदीवर बसलेले उमा-महेश्वर कोरलेले आहेत. मराठी पाहुणा इथे हमखास थांबतो.

ख्मेर शैली दिसते म्हणजे अंगकोरच्या राजाने शहर जिंकलं, असं लगेच म्हणू नये. त्या काळी पूर्वेकडच्या पठारावर, फिमायसारख्या ठिकाणी, ख्मेर धर्मकेंद्रं जोरात होती आणि सी थेपचा व्यापार त्याच वाटेवर होता. राज्य, लग्नसंबंध, व्यापार, यांतलं काहीही शैली वाहून आणू शकतं.

१३. पाटीवर 'बाराव्या शतकातलं' लिहिलंय, तुम्ही सहाव्या-सातव्या म्हणता. कोण चुकतंय?

कोणीच नाही. थाई पाट्यांवर शतकं बुद्ध संवतात असतात. त्यातून ५४३ वजा केले की इसवी सन मिळतो; यादीत नोंद झाली ते २०२३ साल तिथे २५६६. बुद्ध संवताचं बारावं शतक म्हणजे इ.स. ५५८ ते ६५७. शकात ७८ मिळवायची सवय असलेल्यांना हे जड जाऊ नये. घोळ होतो तो पाटीच्या इंग्रजी भागात किंवा मोबाइलवरच्या भाषांतरात, जिथे 'बुद्ध संवत' हे शब्द गळतात. द्वारवती वास्तूवर बारा ते सोळा यांपैकी आकडा दिसला, तर तो बुद्ध संवतच समजावा.

१४. थमोरातच्या गुहेत काय आहे? तिथली डोकी कोणी चोरली?

डोंगराच्या वरच्या भागातल्या चुनखडीच्या गुहेत एका नैसर्गिक खांबाभोवती बुद्ध आणि बोधिसत्त्वांच्या मोठ्या आकृत्या कोरल्या आहेत. वेरूळ-कान्हेरीला डोंगर पोखरून दालन केलं. इथे गुहा निसर्गाने दिली आणि माणसांनी फक्त खांब कोरला. द्वारवती काळातलं महायान गुहाशिल्प थायलंडमध्ये फार दुर्मीळ आहे.

१९६०च्या सुमारास चोरट्यांनी या मूर्तींची शिरं आणि हात छिन्नीने काढून नेले. काही शिरं बँकॉकमधल्या रेशीम व्यवसायाने नावाजलेल्या जिम थॉम्पसन या अमेरिकन संग्राहकाने विकत घेऊन घरच्या संग्रहात ठेवली होती. १९६२ मध्ये फाइन आर्ट्स विभागाने ती ताब्यात घेतली. आज ती बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत आणि धडं डोंगरावर.

जायचं असेल तर चढ खडा आहे आणि वाटाड्या लागतो. सहज जाता-जाता करण्यासारखं हे ठिकाण नव्हे.

१५. मूळ मूर्ती कुठे पाहायला मिळतील?

मुख्यतः बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात. सोमवार-मंगळवारी ते बंद असतं, तेवढं लक्षात ठेवून दिवस ठरवा. तिथला गोवर्धनधारी कृष्ण चुकवू नका. हात तुटलेत, पर्वत नाही, तरी एक खांदा वर ओढलेला आणि शरीराचा तोल दुसऱ्या बाजूला झुकलेला, एवढ्यावरून वर काहीतरी अवजड आहे हे कळतं. शेजारी सी थेपचे सूर्य: अष्टकोनी मुकुट, मागे रुळणारे कुरळे केस, डोक्यामागे प्रभावळ. एकाच शहरातून इतके सूर्य मिळणं आग्नेय आशियात वेगळंच आहे.

काही मूर्ती देशाबाहेर गेल्या. कॅलिफोर्नियातल्या नॉर्टन सायमन संग्रहालयात सी थेपचा एक सूर्य आहे. सी थेपच्या वस्तू परत मिळाव्यात अशी मागणी थायलंडमध्ये यादीत नोंद झाल्यावर आणखी जोरात होऊ लागली.

१६. एवढं मोठं शहर ओस का पडलं?

तेराव्या शतकानंतरच्या ठोस खुणा जवळजवळ मिळत नाहीत, एवढं नक्की. जाळपोळीचा, कत्तलीचा थर लागलेला नाही. साथीचा रोग, दुष्काळ, नदीच्या पात्राचं सरकणं, अशी कारणं सुचवली जातात. मला पटणारं कारण साधं आहे: वाट बदलली. सुखोथाई आणि नंतर अयुथया वर आल्यावर व्यापाराचा ओघ चाओ फ्रायाच्या पात्राकडे वळला, पठाराच्या बाजूला ख्मेर सत्ता मावळली, आणि दोन मुलखांमधल्या दुव्याला काम उरलं नाही. ज्या जागेमुळे शहर वाढलं (प्रश्न १) तीच आडबाजूची झाली.

१७. हत्तीचा सांगाडा सापडला हे खरं का?

खरं. आतल्या शहरात उत्खननाचा खड्डा छप्पर घालून तसाच ठेवला आहे. त्यात मानवी सांगाडे आणि एका हत्तीचा सांगाडा दिसतो. हत्ती माणसांच्या दफनांपेक्षा वरच्या, नंतरच्या थरात आहे. 'राजा आणि त्याचा हत्ती एकत्र पुरले' ही कथा त्यामुळे टिकत नाही. थर पाहायला शिकायचं असेल तर अख्ख्या उद्यानात याहून चांगली जागा नाही.

१८. तिथे आजही पूजा होते का? आम्ही नारळ-फुलं नेऊ का?

होते, पण प्राचीन मूर्तींची नव्हे. उद्यानातच चाओ फो सी थेप या ग्रामदैवताचं छोटं ठाणं आहे. आसपासची माणसं नवस बोलायला येतात, आणि थाई पंचांगाच्या तिसऱ्या महिन्यात, फेब्रुवारीच्या आगेमागे, मोठा उत्सव असतो. फुलं-उदबत्ती तिथे वाहा. प्रांगवर किंवा स्तूपावर हळदकुंकू, तेल, फुलं काही नको. विटा आणि चुना तेल शोषतात आणि डाग निघत नाहीत. पाटी असेल तिथे चढूही नका. ते पुरातन वास्तू म्हणून जसं आहे तसंच बौद्धांचं पूज्यस्थान म्हणूनही.

१९. श्रीदेव, श्री थेप, सी थेप, अफाई साली: ही एकच जागा का?

हो. थाई लिखाणात 'श्री' येतं आणि उच्चार 'सी' होतो. क्वारिच वेल्स यांनी संस्कृत रूप धरून 'श्रीदेव' लिहिलं. अफाई साली हे गावकऱ्यांच्या तोंडचं जुनं नाव. पण यांतलं एकही नाव सातव्या शतकातल्या रहिवाशांनी वापरल्याचा पुरावा नाही. तेव्हाचं नाव सांगणारा लेख मिळालेला नाही.

२०. बँकॉकहून एका दिवसात जाऊन येता येईल का?

येईल, गाडी स्वतःची किंवा भाड्याची असेल तर. सराबुरीमार्गे २१ क्रमांकाचा महामार्ग सरळ तिकडे जातो. पहाटे निघा. मार्च-एप्रिलमध्ये उघड्यावरचं ऊन सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. आतल्या शहराला दोन-तीन तास द्या: आधी उत्खननाचा खड्डा, मग खाओ ख्लांग नाय, मग दोन्ही प्रांग. या क्रमाने गेलात तर काळही ओळीने पुढे सरकतो. खाओ ख्लांग नॉक तटाबाहेर आहे, गाडी लागते. दुपार कलल्यावर जा, तिरप्या उन्हात पायावरच्या छोट्या प्रतिकृती नीट दिसतात. थमोरात त्याच दिवशी जमणार नाही. आणि संग्रहालय आधी की नंतर, असं विचाराल तर आधी: मूर्ती पाहून गेलात तर रिकामी पीठं रिकामी वाटत नाहीत.